कोयनेनं इमॅजिकाला

आमच्याकडे चारचाकी नाही. एक स्कूटर आहे, तिच्यावर सांगलीतली सगळी कामं होतात. थोरली आठवीत गेल्यापासून घरात इमॅजिका या मोठमोठ्या पाळण्यांच्या पार्कचं नाव निघत होतं, कारण तिच्या वर्गातल्या बऱ्याच मुली जाऊन आल्या होत्या. पण विषय दरवेळी एकाच वाक्यापाशी थांबायचा, "तिथं गाडी लागते." भाड्यानं गाडी करावी म्हटलं तर चौथीतल्या धाकट्याला घाट लागतो. विट्याला जाऊन यायचं म्हटलं तरी त्याच्यासाठी पिशवी घ्यावी लागते. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या. गुडघे असे, की बंद गाडीत दोन तास पाय दुमडून बसल्या तर उतरताना दोघांनी धरावं लागतं. रेल्वेत मात्र त्या उठतात, दारापर्यंत फेरी मारतात, पुन्हा येऊन बसतात.

मग एका रविवारी मी नकाशा उघडून बसले. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर आहे हे तेव्हा पहिल्यांदा नीट लक्षात आलं. खोपोलीजवळ महडचा वरदविनायक आणि त्याच रस्त्यानं पुढं गेलं की पालीचा बल्लाळेश्वर. सासूबाईंचे अष्टविनायकातले सहा गणपती झालेले, बहुतेक गल्लीतल्या बायकांबरोबर; राहिलेले दोन हेच. मी त्यांना बोलावून पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मला त्या पाळण्यांत कशाला नेता गं?" पण बोट पालीवर आलं तशा चष्मा आणायला उठल्या. बेत त्या दिवशीच ठरला.

नियोजनाबद्दल आधी लिहिते, कारण खरी मेहनत तिथंच गेली. वहीच्या पानावर मी शेवटापासून सुरुवात केली. पार्कच्या दारातून संध्याकाळी पाच माणसं बाहेर पडतात, दमलेली, अंधारात. त्यांना कोण नेणार? हे सुटलं तर बाकी सगळं सुटतं. सांगली ते लोणावळा रेल्वे आहे, लोणावळा ते खोपोली बस आहे. अडतं ते खोपोलीपासूनच्या शेवटच्या दहाएक किलोमीटरवर. रस्ता पालीचा असल्यामुळं दिवसा एसटी असते, पण रात्रीची दमलेली मुलं घेऊन हात दाखवत उभं राहणं मला मान्य नव्हतं. म्हणून मुक्काम खोपोलीत, आणि जाण्या-येण्याची रिक्षा आदल्या दिवशीच ठरवायची, हे पक्कं केलं. पार्कला लागून त्यांचं हॉटेलही आहे. तिथं राहिलं तर हा प्रश्नच उरत नाही, पण तीन रात्री आम्हाला झेपण्यासारख्या नव्हत्या.

वार ठरवताना थोडी ओढाताण झाली. सासूबाईंना दर्शन मंगळवारीच हवं होतं. सांगलीत आमचा गणपती मंदिराचा मंगळवार कधी चुकत नाही. पण मंगळवारी अष्टविनायकाच्या देवळांत गर्दी होते, आणि पार्कला कमी गर्दीचा वार म्हणजे सोमवार ते गुरुवारातला एखादा. शेवटी मंगळवार पार्कला दिला, बुधवार देवाला. त्या एवढंच म्हणाल्या, "मंगळवारी सकाळी मी खोलीतच अथर्वशीर्ष म्हणेन. मगच निघायचं."

दिवाळीची सुट्टी, भाऊबीज झाल्यानंतरचा आठवडा. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण साठच दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशेवीस दिवस मिळायचे. म्हणजे दिवाळीतल्या प्रवासाचं तिकीट ऐन गणपतीत काढायचं. आमच्याकडे गौरी जेवल्या त्या दिवशी सकाळी आठला हे मोबाइल घेऊन बसले होते आणि मी पुरण वाटत होते. जाताना कोयना एक्सप्रेस, येतानाही कोयनाच, दोन्ही बाजूंची बसायची आरक्षणं मिळाली. तिकिटाचे नियम दोन्हीकडे वेगळे आहेत, ते घरच्या हिशेबात आधीच धरावेत. रेल्वेत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र जागा हवी असेल तर पूर्ण भाडं पडतं. सहा-सात तासांच्या प्रवासात नऊ वर्षांचं पोर मांडीवर बसवता येत नाही, म्हणून धाकट्याचं पूर्ण काढलं. ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत २०२० च्या मार्चपासून बंद आहे, त्यामुळं सासूबाईंचंही पूर्ण. एसटीत मात्र उलट. मार्च २०२३ पासून बायकांना सगळ्या एसटी गाड्यांत अर्धं तिकीट, बारा वर्षांखालच्या मुलांनाही अर्धं. आमच्या पाच जणांत यांचं एकट्याचंच पूर्ण. ज्यांच्या घरी पंचाहत्तरी ओलांडलेलं माणूस आहे त्यांना तर एसटी मोफत, फक्त ओळखपत्र जवळ हवं.

पहिला दिवस, सोमवार

सांगली स्टेशनवर सकाळी वेळेच्या अर्धा तास आधी पोचलो. सामान मुद्दाम कमी घेतलं होतं: दोन पाठीवरच्या बॅगा, एक चाकांची, आणि डब्यांची पिशवी. ज्याला स्वतः उचलून बसमध्ये चढायचं आहे त्यानं चौथी बॅग घेऊ नये असं माझं मत झालं आहे. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखट-मिठाच्या पुऱ्या, उरलेली चकली, आणि भडंग. भडंगाशिवाय सांगलीकर गाडीत बसत नाही.

नांद्रे गेलं, येरळेचं पात्र गेलं, भिलवडी आली. धाकट्यानं विचारलं, "दुधाचे चितळे इथलेच ना?" इथलेच. पुढं किर्लोस्करवाडी. हे कुपवाडच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात. किर्लोस्करवाडी आली की ते नेहमी खिडकीशी सरकतात. १९१० साली माळरानावर कारखाना आणि त्याच्याभोवती गाव उभं केलं, ही गोष्ट त्यांनी मुलांना आधीही सांगितली होती, तरी पुन्हा सांगितली. मुलांनीही ऐकली.

कऱ्हाडनंतर उसाचे पट्टे, कोरेगावनंतर सातारा. साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब, माहुलीच्या बाजूला आहे, पण कंदी पेढे फलाटावर मिळतात. अर्धा किलो घेतले, खोपोलीपर्यंत निम्मे संपले. वाठार सोडल्यावर आदर्कीच्या घाटात गाडी वळणं घेत उतरते. एका वळणावर पुढचं इंजिन आपल्याच खिडकीतून दिसतं. धाकटा तिथं पहिल्यांदा म्हणाला, "मला काहीच होत नाहीये." त्याच्या हातातली पिशवी मी काढून घेतली. जेजुरीला सासूबाईंनी बसल्या जागेवरून गडाला हात जोडले, डब्यातल्या आणखी चार-पाच जणांनीही जोडले.

पुण्यात डबा भरला आणि रिकामा झाला. दुपार कलल्यावर लोणावळ्याला उतरलो. स्टेशनवरून रिक्षानं स्टँड, आणि खोपोलीची बस. बसायला जागा मिळाली हे महत्त्वाचं, कारण पुढं बोरघाट होता आणि मला धाकट्याची धास्ती होती. त्याला चालकामागच्या सीटवर, खिडकी उघडून, समोर बघत बसवलं. हातात आवळासुपारी. घाटात जुन्या रस्त्याला शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना ही वाट ज्यानं दाखवली तो हा धनगर, अशी इथली कथा आहे. चालकानं वेग कमी करून नमस्कार केला. सासूबाई म्हणाल्या, "वाट दाखवणाऱ्याचं देऊळ, चांगलं आहे की."

घाट उतरताना डोंगरावरून खाली येणारे जाड पाइप दिसले. खाली खोपोलीत टाटांचं वीजघर आहे, १९१५ सालापासूनचं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतलं पाणी त्या पाइपांतून घाटाच्या उंचीवरून खाली सोडतात आणि त्याच्या जोरावर चाकं फिरतात. हे धाकट्याला समजावत होते, "पाण्याला ढकलायला काही लागत नाही. उंची दिली की झालं." आमचं पोर कोयनेच्या नावाच्या गाडीतून उतरून थेट दुसऱ्या वीजघराकडे आलं याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. घाट संपला. धाकट्याला काही झालं नव्हतं.

लॉजवर मात्र मन खट्टू झालं. फोनवर तीनदा सांगितलं होतं की वयस्कर बाई आहेत, खालची खोली हवी. "हो हो" म्हणाले होते. प्रत्यक्षात दुसरा मजला, लिफ्ट नाही. खालच्या खोल्या एका लग्नाला दिलेल्या. सासूबाई कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढल्या, आणि वर गेल्यावर मलाच म्हणाल्या, "राहू दे, भांडू नकोस. दिवसातून एकदाच उतरायचं आहे." मला अजून वाईट वाटतं. खोलीची अट फोनवर न ठेवता लिहून घ्यायला हवी होती, मोबाइलवर एक निरोप तरी मागायला हवा होता.

संध्याकाळी मी आणि हे चौकात जाऊन तीन रिक्षावाल्यांशी बोललो. एका पोक्त माणसाशी जमलं. सकाळी सोडणार, संध्याकाळी ठरल्या वेळी दाराशी येणार, दोन्ही मिळून एक रक्कम. त्याचा नंबर आम्ही तिघांच्याही मोबाइलमध्ये घेतला आणि थोरलीनं कागदावरही लिहून ठेवला. आत दिवसभर फोटो काढून बॅटऱ्या संपतात, हे तिलाच सुचलं.

दुसरा दिवस, मंगळवार

अथर्वशीर्ष झालं. पोहे, उकडलेली अंडी, चहा असा भरपेट नाश्ता झाला, कारण बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. डब्यांची पिशवी खोलीवरच ठेवली.

पालीच्या रस्त्याला लागलं की एका बाजूला सह्याद्रीची भिंत चालत राहते. मग एकदम झाडांच्या वर लाल रुळांचा एक गुंता दिसतो. थोरलीनं माझा हात धरला. तिच्या आयुष्यात एवढं मोठं, फक्त खेळण्यासाठी बांधलेलं काही तिनं पाहिलं नव्हतं. मी तरी कुठं पाहिलं होतं? आमच्या वेळी जत्रेतला पाळणा आणि मौत का कुआँ, बस्स. हे पार्क २०१३ मध्ये सुरू झालं, शेजारचं वॉटर पार्क त्याच्या पुढच्या वर्षी. दोन्हींची तिकिटं वेगळी आहेत. आम्ही पाण्याचं घेतलं नाही. एका दिवसात दोन्ही उरकायचं म्हटलं तर ओल्या कपड्यांची पोरं घेऊन नुसतं पळावं लागलं असतं.

तिकिटं मोबाइलवर आधीच काढलेली होती. दार उघडायच्या आधी आम्ही उभे होतो, आणि या एका गोष्टीनं दिवस वाचला. पहिल्या दीड तासात रांगा लहान असतात. मोठे पाळणे आधी, शो आणि खाणं नंतर, हा क्रम थोरलीनं वहीत लिहून आणला होता. पैसे जास्त देऊन रांग टाळायचं तिकीटही मिळतं, पण आडवारी पहिल्या दीड तासात आम्हाला त्याची गरज पडली नाही.

पहिलं नायट्रो. लांबून दिसलेला तो लाल गुंता हाच. आत जायच्या वाटेवर उंची मोजायची पट्टी असते. थोरली तिच्या वर गेली. धाकटा टाचा उचलूनही पोचला नाही. तिथल्या मुलीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून, खाली वाकून, अगदी हळू सांगितलं की हा पट्टा तुझ्या अंगावर नीट बसणार नाही, म्हणून नको. तो रडला नाही. बाबांच्या शर्टाला टेकून उभा राहिला आणि ती रेघ त्यांच्या कुठं येते ते बघितलं. दुसऱ्या बटणापाशी.

हे आणि थोरली गेले. मी, सासूबाई आणि धाकटा खाली कठड्याशी. त्या गाडीला पायाखाली तळ नाही, पाय नुसते लोंबतात. साखळी त्यांना टकटक करत वर घेऊन गेली. वर एक क्षण सगळं थांबल्यासारखं झालं, आणि मग माझ्या पोटात गोळा आला. पाच वेळा ती माणसं उलटी होतात. सासूबाईंनी डोळे मिटून पदर तोंडाशी धरला होता. "थांबली का?" त्यांनी तीनदा विचारलं. थोरली उतरून आली तेव्हा तिचे केस उभे होते आणि ती बोलतच नव्हती. नुसती हसत होती. घरी ती फारशी हसत नाही हल्ली. तेरावं वर्ष अवघड असतं. तिचा तो चेहरा बघितला आणि गणपतीतलं आरक्षण, लॉज, जिने, सगळं माझ्या मनातून गेलं.

हे मात्र उतरल्यावर रुळांच्या जोडांकडे मान वर करून बघत उभे. "त्या डब्यांना इंजिनच नाही," ते म्हणाले. "साखळी एकदा वर नेऊन सोडते. पुढं सगळं उंचीवर चालतं. पुढचं प्रत्येक टेकाड त्या पहिल्या उंचीपेक्षा बुटकं ठेवावं लागतं, नाहीतर डबे मधेच अडकतील." मग धाकट्याकडे वळून, "काल पाइप दाखवले ना, तेच." धाकट्याला ते पटलं. मला वाटतं, वर जाता आलं नाही याचं त्याचं दुःख तिथंच थोडं कमी झालं. कारण त्याला आता त्या पाळण्यातलं असं काही कळलं होतं, जे ताईला माहीत नव्हतं.

त्याचा दिवस राजासॉरसच्या बोटीत उजाडला. अंधारातून बोट जाते, दोन्ही बाजूंनी डायनासोर अंगावर येतात आणि शेवटी एका उतारावरून सगळे धपकन पाण्यात. आम्ही चौघं चिंब झालो. सासूबाई बाहेर बाकावर पिशव्या धरून होत्या. राजासॉरस हा गंमत म्हणून रचलेला प्राणी असावा असं मला वाटत होतं. धाकट्यानं दुरुस्त केलं. तो खरा आहे, भारतातला आहे. गुजरातेत सापडलेल्या हाडांवरून २००३ मध्ये त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिलं गेलं. हे त्यानं शाळेच्या ग्रंथालयात वाचलं होतं. रांगेतल्या एका अनोळखी काकांनाही त्यानं ते सांगितलं.

सासूबाईंचं काय करायचं हा प्रश्न मी घरूनच घेऊन आले होते. तिकीट पूर्ण काढून बाकावर बसवून ठेवायचं हे मला बरोबर वाटत नव्हतं. एक चांगलं झालं, आत सावलीत बसायला जागा भरपूर आहेत, स्वच्छतागृहं जवळजवळ आहेत आणि चढ-उतार फार नाहीत. सकाळी त्या दोन वेळा लाकडी घोड्यांच्या चक्राजवळ बसल्या आणि लहान मुलं बघत रमल्या. जेवणानंतर मी त्यांना 'आय फॉर इंडिया'ला नेलं. तिथं खुर्च्यांच्या रांगा उचलून एका प्रचंड पडद्यासमोर टांगतात आणि आपण देशावरून उडतोय असं वाटतं. बसण्याआधी मी तिथल्या मुलाला गुडघ्यांचं सांगितलं. त्यानं नीट पट्टा लावला, "आजी, भीती वाटली तर डोळे मिटा, काही होत नाही," म्हणाला. पाय जमिनीवरून सुटले तेव्हा त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. पण डोळे मिटले नाहीत. खाली डोंगर, पाणी, देवळं, किल्ले जात होते. लग्नानंतर मिरज, पंढरपूर आणि अष्टविनायकातले सहा गणपती, एवढाच त्यांचा प्रवास. खाली उतरल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना दाखवायला हवं होतं."

दुपारचं जेवण आतच, सांगलीच्या मानानं महाग. पाच थाळ्यांऐवजी तीन घेऊन वाटून खाल्लं, तेवढं पुरलं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या नळाशी भरून घेतल्या. दोन ते चार ऊन आणि दमट हवा असते. कोकणाच्या उंबऱ्यावरची ही हवा घाटमाथ्यावरच्या माणसाला जड जाते. तेवढा वेळ आम्ही बंदिस्त, थंड ठिकाणी काढला. सलीमगड या भुताच्या घरात थोरली आणि हे गेले, धाकटा दारातून परत आला आणि आम्ही कोणी त्याला काही म्हणालो नाही. अंधारात धावणारं डीप स्पेस त्या दोघांनी दोनदा केलं. गोल्ड रशमध्ये मीही बसले. ओरडले, खूप ओरडले.

संध्याकाळी दिवे लागले, मिरवणूक निघाली, आणि मी घड्याळाकडे बघायला लागले. ठरलेल्या वेळी आम्ही दाराबाहेर. रिक्षा नव्हती. दहा मिनिटं, वीस मिनिटं. फोन लागत नव्हता. शेजारून मोठमोठ्या गाड्या भरून निघत होत्या, पार्किंग रिकामं होत होतं. माझ्या पोटात परत तो सकाळचा गोळा. सासूबाई पायरीवर बसल्या, धाकटा त्यांच्या मांडीवर झोपला. पस्तीस मिनिटांनी रिक्षावाल्याचाच फोन आला, थोरलीच्या मोबाइलवर. माझा आणि यांचा एव्हाना बंद पडला होता. चाक पंक्चर झालं होतं, तो वाटेत होता. आल्यावर त्यानं आधी सासूबाईंची माफी मागितली. त्याच्यावर मी रागावू शकले नाही. पण तुम्ही जाल तर माझं ऐका: एक नाही, दोन रिक्षावाल्यांचे नंबर घ्या, आणि एक मोबाइल दिवसभर बंद करून पिशवीत ठेवा, फक्त या एका फोनसाठी.

तिसरा दिवस, बुधवार

सकाळी तोच रिक्षावाला महडला घेऊन गेला, त्यानं ते भाडं घेतलं नाही. आम्ही आग्रह केला, त्यानं ऐकलं नाही.

महडचं देऊळ लहान आहे, शांत आहे. १७२५ मध्ये रामजी महादेव बिवलकर सुभेदारांनी बांधलं. इथं गाभाऱ्यात जाऊन दर्शन घेता येतं. १८९२ पासून न विझलेला नंदादीप तिथं तेवतो आहे. सासूबाईंनी त्याच्याकडे बघून विचारलं, "रात्री तेल कोण घालत असेल?" असा प्रश्न मला सुचला नसता. घरी त्यांच्या देवघरातला दिवाही त्या रात्री उठून बघतात.

परत येऊन पालीची एसटी. कालच्याच रस्त्यानं. लाल रूळ पुन्हा दिसले, मुलांनी हात हलवले. सव्वा तासाच्या आसपास पाली. सरसगडाचा कातळ गावाच्या डोक्यावर उभा आहे, त्याच्या कुशीत बल्लाळेश्वर. आधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन घ्यायचं, मग बल्लाळेश्वराचं, हा इथला रिवाज. लाकडी देवळाचं दगडी देऊळ नाना फडणविसांनी केलं असं सांगतात, आणि मंडपातली मोठी घंटा चिमाजी अप्पांनी वसईहून आणलेली. वसई १७३९ मध्ये घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात ठिकठिकाणी गेल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर अशीच एक आहे, शाळेच्या सहलीत थोरलीनं ती पाहिली होती. ती म्हणाली, "आवाजसुद्धा तसाच आहे." मला तो आवाज ओळखता आला नसता.

सासूबाईंनी आठवा नारळ ठेवला. मी मागं उभी होते. त्यांचे खांदे हलत होते. दहा वर्षांपूर्वी सासऱ्यांबरोबर सुरू केलेली यात्रा होती ती, हे मला त्या दिवशी कळलं. पहिला मोरगाव दोघांनी मिळून केला होता, उरलेले सात त्यांनी त्यांच्याशिवाय केले.

जेवलो, परतीची एसटी पकडली, अंधाराच्या आत खोपोली. उन्हेऱ्याचे गरम पाण्याचे झरे पालीपासून जवळ आहेत, तिथं गुडघे शेकून घ्यावेत असं मनात होतं, पण शेवटच्या एसटीची जोखीम नको वाटली.

चौथा दिवस, गुरुवार

खोपोली हे लोकलचं टोक. इथून कर्जतला लोकल जाते, पण मुंबईसारखी दर चार मिनिटांनी नाही, म्हणून वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवलं होतं. लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी. डब्यात आम्ही, दोन दुधवाले आणि कॉलेजची काही मुलं. आयुष्यातली पहिली लोकल मुलांना रिकामी मिळाली.

कर्जतला बटाटेवडे घेतले, आणि कोयना आली. इथं पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात. बोरघाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट असा आहे. १८६३ मध्ये ही वाट सुरू झाली तेव्हापासून गाड्यांची तिथं दमछाक होते. हे धाकट्याला घेऊन फलाटाच्या शेवटपर्यंत चालत गेले, आणि इंजिनं डब्याला लागताना दोघांनी पाहिली. परत आले ते धापा टाकत. "आई, नायट्रोला साखळी होती. इथं मागून ढकलतात!" मग घाटभर तो बोगदे मोजत राहिला. मधे झोप लागली आणि आकडा हरवला, त्याचं त्याला वाईट वाटलं.

बाकीचा प्रवास झोपेत आणि भडंगात गेला. जेजुरीला सासूबाईंनी परत हात जोडले. किर्लोस्करवाडीला हे परत खिडकीशी गेले. दिवेलागणीच्या वेळी सांगली.

घरी दार उघडल्यावर बॅगा अजून उंबऱ्यातच होत्या. धाकट्यानं बाबांना स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, खुर्चीवर चढला, आणि त्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी पेन्सिलीनं एक रेघ ओढली. मग खाली उतरून तिच्याखाली उभा राहिला. थोरलीनं पट्टी आणून त्याच्या डोक्यापासून रेघेपर्यंतचं अंतर मोजलं आणि शेजारी तारीख लिहिली.